चंदीची वही

तिकिटाच्या खिडकीत नाव विचारलं.
पागनीस, म्हणाले.
पोरानं लिहिलं 'पगनिश',
मग वय विचारलं, मग वजन,
आणि एकदा मान वर करून पाहिलं.
वय एकसष्ट. वजन मी दोन किलो कमी सांगितलं.

लष्करातून टेम्पोनं चाळीस मिनिटं.
कमानीला नवा रंग, आत तीन रिंगणं.
एकात शाळेची मुलं हेल्मेट घालून गोल गोल.
दुसऱ्यात पोलिसातली कुणी मुलगी
लाल-पांढऱ्या दांड्यांवरून घोडा उडवत होती
आणि दर उडीला बाकावरची तिची आई
श्वास आत ओढून धरत होती.
तिसरं रिकामं. तिथं एक कावळा
लीद उपसत होता, मन लावून.

आमच्या आडनावात पागा आहे,
घोडा नाही.
खापरपणजोबा चंदी मोजायचे:
हरभरा किती शेर, गूळ किती,
नाल किती झिजले,
कुठल्या मोहिमेवरून किती जनावरं परत आली नाहीत.
वही मोडीत आहे. घरात कुणाला वाचता येत नाही.
मीही छत्तीस वर्षं महालेखाकारांच्या कार्यालयात
दुसऱ्यांच्या खर्चाच्या बेरजा तपासल्या.
पाठीवर कुणी बसलं नाही आमच्यात.
सगळे खोगिराच्या अलीकडचे.

"मुनिया है," जगभान म्हणाला. "सीधी है, दीदी."
सीधी म्हणजे म्हातारी, हे मला कळलं.
शेवटी शेवटी ऑफिसात मलाही तेच म्हणायचे.
डोळ्यांवर खळगे, पापण्या पांढरट,
कपाळावर मधोमध केस झिजलेले,
वर्षानुवर्षं तिथं काहीतरी बांधलेलं असावं.

लाकडी ठोकळ्याच्या तीन पायऱ्या.
मी चढले, म्हणजे चढवली गेले,
भाचीच्या ट्रॅक पँटीत,
देवाचं नाव घेऊन आणि जगभानचा खांदा धरून.
घोडा गरम असतो,
हे मला माहीत नव्हतं.
वहीत हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

रिंगणाबाहेर वाट घळीत उतरते.
मातीचे सुळके, करीलची झुडपं,
वाळू इतकी मऊ की टाप पडते
आणि आवाज आतल्या आत मुरतो.
पाटीवर लिहिलंय 'मरुपथ'.
"बीहड ही है," जगभान म्हणतो,
"नाम बदला तो टिकट बढ़ गया."
एका वळणावर किल्ला दिसला, बसलेल्या उंटासारखा,
पुढच्या वळणावर नाही.

मग कुठूनतरी, हायवेकडच्या मॅरेज गार्डनमधून बहुधा,
बँडवाल्यांचा सराव ऐकू आला.
आधी नुसता ताशा. मग एक बेसूर क्लॅरिनेट.
मुनिया थांबली.
कान पुढे.
उजवा पाय उचलला, ठेवला,
डावा उचलला, हवेत धरला, ठेवला,
मान वाकवली नव्या सुनेसारखी
आणि त्या ओसाड घळीत, मला पाठीवर घेऊन,
नाचू लागली.

जगभान ओशाळला. "बारात में थी, चौदह साल.
आदत है." त्यानं लगाम ओढायला हात घातला.
मी म्हटलं, राहू दे.
पुढं नवरदेव नाही, नोटा ओवाळणारे मामा नाहीत,
डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका नाहीत,
एक टिटवी तेवढी ओरडत उडाली.
मी आयाळ घट्ट धरली, गुडघे दुखत होते,
आणि हसत होते की काय, मला सांगता येणार नाही.

वरातीमागून घोडं, आई म्हणायची,
मला कुठंही उशीर झाला की.
आई, वरात नव्हतीच.
घोडं होतं.

उतरल्यावर पाय माझे नव्हते.
गुळाचा खडा तळहातावर धरला,
तिनं तो ओठांनीच उचलला, दात न लावता.
मी विचारलं, खाते किती?
"दो किलो चना, चोकर अलग."
तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं,
मुनिया, हरभरा दोन किलो, कोंडा वेगळा,
खाली तारीख,
सगळं बाळबोधीत,
सुटं सुटं, कुणालाही वाचता येईल असं.